बाभळीची साल, एरंडेलाचा हात



पोळ्याच्या आधी पुसद, दारव्हा, वणी, कुठल्याही बाजारात जा. बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे बरेचसे नायलॉनचे दिसतात. ते पुन्हा चामड्याचे व्हावेत आणि आपल्याच जिल्ह्यात तयार व्हावेत, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी लागणारी बाभूळ तर आपल्या धुऱ्यावरच उभी आहे. तिच्या सालीत आणि हिरड्यात टॅनिन असतं, त्यामुळे कातडं कुजत नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच दोन वस्तूंनी कमावतात. चुन्याच्या पाण्यात केस काढलेलं कातडं धुऊन पिशवीसारखं शिवायचं, आत साल, हिरड्याचा चुरा आणि पाणी भरून टांगायचं. अर्क झिरपत राहतो. खाली साचलेला पुन्हा आत ओतायचा. क्रोमने हे काम एक-दोन दिवसांत उरकतं, इथे काही आठवडे जातात. पण नाल्यात क्रोमियम जात नाही. शेजारी वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी गांधीजींच्या काळात मेलेल्या जनावरांच्या कातड्यांचं चर्मालय चालवलं होतं.

तरीही नव्या माणसाने कमावण्यापासून सुरुवात करू नये. कमावायला पाणी फार लागतं, सांडपाण्याची सोय लागते. सालीवर कमावलेलं म्हशीचं चामडं पावतीनिशी विकत घ्या. हवेशीर खोली, दगडी फरशी, रापी, आरी आणि खिडकीचा उजेड, एवढ्यावर कारखाना उभा राहतो.

काळा रंग घरीच होतो. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस मुरू द्या. ते पाणी फिरवलं की चामडं डोळ्यांदेखत काळं पडतं. मग ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा आणि एरंडेलाचा हलका हात द्या. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात मात्र ठेवू नका, तडकेल.

भांडवलाचं म्हणाल, तर पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत पादत्राणं करणारे कारागीर आहेत. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने पहिलं 1 लाखापर्यंतचं कर्ज मिळतं. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ तर 1974 पासून आहे.

हे ज्ञान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं. आज त्यांच्या मुलांना हा धंदा नको वाटला, तर दोष त्यांचा नाही. रापी चालवणारे म्हातारे हात अजून आहेत. त्यांच्याकडे शिकायला जा, आणि वस्तू घ्याल तेव्हा शिवणावळीत घासाघीस करू नका.