दोन तारांवरील हजेरी

पाणीपुरवठ्याच्या पंपगृहात भिंतीवर एक लोखंडी पेटी असते. पंप चालू-बंद करणारा नियंत्रक तिच्यात बसविलेला असतो. टेकडीवरील टाकीची पातळी, वाहिनीतील दाब, मोटारीने घेतलेली वीज ही माहिती त्याला सतत हवी असते. आणि ती पुरविणारी उपकरणे बहुधा निरनिराळ्या कारखान्यांतून आलेली असतात. पूर्वी प्रत्येक उपकरणापासून स्वतंत्र तारा ओढीत. मग एखादी तार सुटली की ती शोधण्यातच तंत्रज्ञाचा दिवस मोडे.

या सर्वांना एकाच तारेवर बोलते करावयाचे, तर बोलण्याची रीत ठरली पाहिजे. अशी एक रीत अमेरिकेतील मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली आपल्या नियंत्रकांसाठी प्रसिद्ध केली. तिचे नाव मॉडबस. ती वापरण्यास शुल्क पडत नसल्याने इतरांच्या उपकरणांतही ती शिरली आणि आजही टिकून आहे.

शिक्षकवर्गाला ही रीत ओळखीची वाटेल, कारण ती वर्गातील हजेरीच आहे. नियंत्रक एकेका उपकरणाला क्रमांकाने हाक मारतो. ज्याचा क्रमांक निघेल त्यानेच उत्तर द्यावयाचे, इतरांनी मौन पाळावयाचे. न विचारता बोलण्याची मुभा कोणालाच नाही. क्रमांक १ ते २४७. शून्य क्रमांकाची हाक सर्वांनी ऐकावयाची, उत्तर मात्र कोणीच द्यावयाचे नाही. चुकून दोघांना एकच क्रमांक दिला गेला, तर दोघेही एकदम बोलतात आणि कोणाचेच कळत नाही.

निरोपाचे बिट एकामागून एक जातात, म्हणून हे संदेशवहन 'सीरियल'. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने एक प्रश्न व त्याचे लहानसे उत्तर तारेवरून जाण्यास सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. निरोपाच्या शेवटी पडताळ्याची संख्या असते. ऐकणारा तोच हिशेब पुन्हा मांडतो. जुळला नाही, तर निरोप टाकून देतो.

तारेचा नियम वेगळा. १९८३ च्या आरएस-४८५ या मानकानुसार एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांतील विद्युत्दाबाचा फरक तेवढा वाचला जातो. मोटारींचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो, त्यामुळे फरक बिघडत नाही. म्हणूनच कमी वेगात हा निरोप सुमारे १२०० मीटरपर्यंत जाऊ शकतो.

परंतु उत्तरच आले नाही तर? उंदराने तार कुरतडली, तर नियंत्रक क्षणभर थांबून पुन्हा विचारतो. त्यापुढे काय करावे, हे मॉडबस सांगत नाही. ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवावयाचे असते. त्याने ते ठरविले नसेल, तर पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो. टाकी अर्धी दिसते आणि प्रत्यक्षात ओसंडून वाहते. किंवा विहिरीत पाणी दिसते, पंप कोरडा चालून जळतो, आणि गावातील बायाबापड्यांना घागरी घेऊन कोस कोस चालावे लागते. हा दोष तारेचा नव्हे, कामातील हयगयीचा आहे.

म्हणून काम ताब्यात घेताना अभियंत्याने प्रत्येक उपकरणाची संदेशतार मुद्दाम सोडवून पाहावी. पडद्यावर इशारा उमटला आणि पंप सुरक्षित स्थितीत गेला, तरच सही करावी. आणि हाक मारणारा अधिकृत आहे की नाही, हे तपासण्याची सोय मूळ मॉडबसमध्ये नाही. तेव्हा त्या लोखंडी पेटीला कुलूप असावे व किल्ली खिळ्याला टांगलेली नसावी.