लहान गांवचें महाविद्यालय

धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा हें तालुक्याचें गांव आहे. रेल्वे तेथें पोंचलेली नाहीं. बाहेरच्या जगाशीं दळणवळण चालतें तें मुख्यतः एस. टी. च्या गाड्यांनीं. भोंवतालीं काळी जमीन, तुरीचीं व सोयाबीनचीं शेतें, आणि मराठीच्या जोडीला अधूनमधून कानांवर पडणारी कानडी. अशा गांवीं कलाशाखेचें महाविद्यालय चालविणें कितपत शहाणपणाचें, असा प्रश्न अनेक जाणतीं माणसें विचारतात. ज्याला पुढें यावयाचें आहे तो लातुरास किंवा पुण्यास जाईल. मागें राहिलेल्यांना इतिहास, मराठी आणि राज्यशास्त्र शिकवून काय साधणार, असा त्यांचा रोख असतो. हा प्रश्न काळजीपोटीं विचारलेला असतो, म्हणून त्याचें उत्तरहि विचारपूर्वक दिलें पाहिजे. तें शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. लोहारा तालुक्यांतच हिप्परगा नांवाचें एक खेडें आहे.

हिप्परगा एके काळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. संस्थानच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू. 1918 सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उच्च शिक्षण इंग्रजीऐवजीं देशी भाषेंतून देण्याचा मोठा प्रयोग केला, आणि त्याबद्दल त्या विद्यापीठाला श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु ती देशी भाषा उर्दू होती. तेलुगु, मराठी व कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या मुलांना ती घरची भाषा नव्हती. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे, आणि ती सहजासहजीं मिळत नसे. अशा दिवसांत, 1921 सालीं, व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनीं हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा काढली.

त्या शाळेंत पुढें एक तरुण मुख्याध्यापक म्हणून आला. त्याचें नांव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903 चा, विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी येथला. शिक्षण पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचें. आणि गांठीला कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं केलेल्या कामाचा अनुभव. शहरांत राहून नांव मिळविण्याची वाट त्याला मोकळी होती. त्यानें खेड्यांतील मुलांचा सहवास पत्करला. 14 जानेवारी 1932 रोजीं त्यानें संन्यास घेतला, आणि स्वामी रामानंद तीर्थ हें नांव पुढें सर्व मराठवाड्याच्या तोंडीं झालें. बाबासाहेब परांजपे हेहि हिप्परग्याच्याच शाळेंतील शिक्षक. 1935 सालीं हे दोघे आंबेजोगाईस गेले आणि तेथें योगेश्वरी विद्यालयाच्या कामांत त्यांनीं स्वतःस वाहून घेतलें. 1938 सालीं स्टेट काँग्रेसची चळवळ उभी राहिली तेव्हां स्वामीजींनीं वर्ग सोडून तुरुंगाची वाट धरली. 17 सप्टेंबर 1948 रोजीं संस्थान मुक्त झालें. एका मोठ्या लढ्याचें नेतृत्व ज्यानें केलें त्याच्या आयुष्यांतील हीं उमेदीचीं वर्षें लोहाऱ्याच्या परिसरांतील एका लहानशा शाळेंत गेलीं, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

मुक्तीनंतर दोनच वर्षांनीं, 1950 सालीं, मराठवाड्यांत दोन महाविद्यालयें निघालीं. नांदेडला स्वामीजींच्या पुढाकारानें पीपल्स कॉलेज उभें राहिलें. औरंगाबादेस, म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगरास, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे जें महाविद्यालय काढलें, तें पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. दोघांचे मार्ग भिन्न होते. परंतु ज्यांच्यापर्यंत विद्या पोंचली नाहीं त्यांच्या दारापर्यंत ती नेली पाहिजे, याविषयीं दोघांचें एकमत होतें. मराठवाड्याचें स्वतंत्र विद्यापीठ निघावयास 23 ऑगस्ट 1958 हा दिवस उजाडला. त्यानंतर तालुक्यातालुक्यांतून महाविद्यालयें निघत गेलीं, आणि उच्च शिक्षण उमरगा, मुरूम, लोहारा अशा गांवांपर्यंत येऊन ठेपलें.

अशा महाविद्यालयाचा दिवस गाड्यांच्या वेळापत्रकाप्रमाणें चालतो. सकाळीं जेवळी, अचलेर, माकणी, सास्तूर या बाजूंनीं मुलें-मुली येतात. गाडीला उशीर झाला तर पहिला तास अर्ध्या वर्गापुढेंच सुरू होतो. सुगीच्या दिवसांत बांकें रिकामीं दिसूं लागतात. शेतांत रास पडली कीं नाहीं, हें हजेरीपुस्तकावरून ओळखतां येतें. मुलीचें नांव घालावयास आलेला बाप अभ्यासक्रमाची चौकशी फारशी करीत नाहीं. परतीची गाडी किती वाजतां सुटते, आणि गांवांतल्या आणखी किती मुली वर्गांत आहेत, हे त्याचे दोन प्रश्न. त्यांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं म्हणजे त्या मुलीच्या आयुष्यांत तीन वर्षांची भर पडते. महाविद्यालय साठ मैल दूर असतें तर तिचें शिक्षण बारावीलाच आटोपलें असतें आणि लग्नाची बोलणीं सुरू झालीं असतीं. लहान गांवच्या महाविद्यालयाचा पहिला उपयोग हा आहे, आणि तो कोणत्याहि गुणपत्रिकेंत नोंदला जात नाहीं.

दुसरा उपयोग विद्येच्याच दृष्टीनें महत्त्वाचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या टापूंत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदांचें ओझें झोंपलेल्या माणसांवर कोसळलें. सुमारें दहा हजार जीव गेले. पुढें 52 गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जुन्या गांवांत गल्लीच्या तोंडाशीं ओटा होता, वाड्यांत चौक होता; नव्या गांवांत सरळ रस्ते आणि रांगेनें घरें आलीं. त्यामुळें शेजार कसा बदलला? जुनी भाऊबंदकी आणि जुन्या जातवार वस्त्या यांचें काय झालें? अनाथ झालेलीं मुलें कोणीं वाढविलीं? भूगोल, समाजशास्त्र, इतिहास आणि मराठी या चारहि विषयांना येथें काम आहे. ती रात्र आठवणारीं माणसें आतां वृद्ध होत चाललीं आहेत. त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्याच बोलींत विचारून, त्यांचें सांगणें लिहून ठेवणारा विद्यार्थी त्याच गांवांतून आलेला असला तर म्हातारीं माणसें मन मोकळें करतील. बाहेरून आलेल्या संशोधकाला ही जवळीक दोन दिवसांत साधत नाहीं.

मात्र हें सर्व आपोआप घडत नाहीं. अनेक ठिकाणीं प्रवेशाची यादी भरलेली आणि वर्ग मोकळे, असें दृश्य दिसतें. मूळ पुस्तक बाजूस पडून मार्गदर्शकांतील तयार उत्तरें पाठ केलीं जातात. स्पर्धापरीक्षेच्या ओढीनें विद्यार्थी अभ्यासिकेंत बसतो आणि प्राध्यापकाचें तोंड परीक्षेपुरतें पाहतो. कायम जागा रिकाम्या राहून तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर भार पडतो. ज्याला पुढील वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं याचीच खात्री नाहीं, त्यानें विद्यार्थ्याचें घर-गांव ओळखावें तरी कसें? 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणानें विषयांची निवड पुष्कळ वाढविली आहे. परंतु जेथें एका विषयाला एकच शिक्षक, तेथें निवड कागदावरच राहण्याचा धोका आहे. हे दोष इमारत वाढवून जाणारे नाहींत. विद्यार्थ्यापाशीं टिकून राहणारा शिक्षक आणि वर्गांत येऊन बसणारा विद्यार्थी, एवढ्या दोन गोष्टी आधीं मिळाल्या पाहिजेत.

हिप्परग्याच्या शाळेपाशीं पैसा नव्हता, राजाश्रय नव्हता, आणि तिच्या दाखल्याला बाजारांत किंमतहि नव्हती. मुलांच्या बरोबरीनें राहणारे, त्यांच्याशीं बोलणारे आणि त्यांना विचार करावयास लावणारे शिक्षक मात्र तिला लाभले होते. आज लोहाऱ्याच्या मुलांना पदवी मिळते, सरकारी अनुदानाचा आधार मिळतो, गाडीहि गांवापर्यंत येते. शंभर वर्षांपूर्वींच्या मानानें हें ऐश्वर्यच म्हटलें पाहिजे. या ऐश्वर्यांत शिक्षक-विद्यार्थ्यांचा तो सहवास हरवूं दिला नाहीं, तर लहान गांवांत महाविद्यालय कशाला, हा प्रश्न विचारण्याची पाळी कोणावर येणार नाहीं. जेवळीच्या किंवा सास्तूरच्या गाडींतून उतरणारी मुलगीच त्याचें उत्तर देईल.