मीटरवरचा लाल दिवा

मघापासून मेकअप करून ताटकळलेल्या माझ्या बालमित्रांनो,

तुमचा नाच माझ्यामुळे अडलाय, हे मला दिसतंय. म्हणून एकाच विषयावर बोलतो. वीज वाचवायची असेल तर आधी ती मोजायला शिका.

हे भिवंडीजवळच्या राहनाळमध्ये सांगायला कारण आहे. यंत्रमागांच्या भिवंडीत वीज गेली की घरातल्या दिव्याची आठवण नंतर होते. आधी माग थांबतात, मजुरी बुडते. याच भिवंडीत २००७ च्या जानेवारीत महावितरणने वीज वितरणाचं काम फ्रँचायझी म्हणून टोरेंट पॉवरला दिलं. त्याआधी इथे येणाऱ्या विजेतल्या निम्म्याहून जास्त विजेचे पैसेच जमा होत नसत. काही तारांत जिरायची, काही आकडे टाकून पळवली जायची, काहींची बिलं थकायची. पुढच्या काही वर्षांत ही गळती वीस टक्क्यांच्या आसपास आली. त्या कारभारावरून वाद झाले, आजही तुमच्या घरी दोन मतं असतील. त्यात मी पडत नाही. पण कामाची सुरुवात पाहा. जुने मीटर बदलले, रोहित्रं सुधारली. वीज जाते कुठे, हे कळल्याशिवाय ती थांबवणार कशी?

घरातही तेच करायचं. तुमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. बाजूला एक आकडा छापलेला असतो, बहुतेक ३२०० किंवा १६००. म्हणजे दिवा तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट झालं. आज रात्री घरातलं सगळं नेहमीसारखं बंद करा, फ्रीजसुद्धा पाच मिनिटं, आणि तो दिवा बघा. मीटरला हात लावायचा नाही, सील तर अजिबात नाही, फक्त बघायचं. आकडा ३२०० असेल आणि दिवा मिनिटातून एकदा लुकलुकला, तर सगळं ‘बंद’ असलेलं घर जवळपास १९ वॉट ओढतंय. महिन्याला तेरा-चौदा युनिटं! टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी जागाच असतो. त्याचं भिंतीवरचं बटण बंद करायला हवं.

आता थोडं गणित, परीक्षेत नसलेलं. आजी ओरडते, ‘दिवा जळतोय, बंद कर.’ बरोबरच आहे. पण नऊ वॉटचा एलईडी दिवा रात्रभर, म्हणजे आठ तास, राहिला तर ०.०७ युनिट जातं. आणि सकाळी हीटरच्या कांडीने बादलीभर, वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवलं तर अर्ध्या युनिटाच्या जवळ. सहा रात्रींचा दिवा एका अंघोळीत गेला! म्हणून पाणी उन्हात ठेवा, निम्मीच बादली तापवा आणि विसण घाला. वीज सगळ्यात जास्त खातात ती तापवणारी आणि थंड करणारी यंत्रं, आणि त्यांच्या खालोखाल तासन्‌तास चालणारी.

या दुसऱ्या गटात आपला पंखा येतो. जुना पंखा ७५ वॉटचा. सोळा तास चालला तर महिन्याला ३६ युनिटं. नवे बीएलडीसी पंखे तीसेक वॉटमध्ये तेवढाच वारा देतात. ते महाग आहेत, सगळे एकदम बदला असं मी म्हणणार नाही. ज्या खोलीत सगळे झोपतात तिथला एक बदला. शिवाय शंभर युनिटांच्या वर दर एकदम चढतो, त्यामुळे वाचलेली युनिटं त्या महागातली असतात. एसी असेल तर २४ वर ठेवा; अंशागणिक साधारण सहा टक्के फरक पडतो.

चाळीत पत्र्याखाली राहणाऱ्यांसाठी यातलं बरंच परकं आहे, मला ठाऊक आहे. तिथे उपाय छपरावर आहे. उन्हाळ्याआधी पत्र्याला पांढरा चुना किंवा पांढरा रंग द्या, खोलीत जाणवण्याइतका फरक पडतो. छपरांवरून आठवलं, इथल्या गोदामांची एकरभर पसरलेली छपरं पाहिली की मला सौर पॅनलच दिसतात! गोदाम मालक समोर बसले असतील तर त्यांनी ऐकलं असं समजतो.

विजेसारखाच गॅसही वाचवता येतो, पण त्याचं तुमच्या आईला मी काय सांगणार! कुकरच्या डब्यांत वरण-भात एकत्र लावणं हा आपल्या घरांचा जुनाच शहाणपणा. त्यात डाळ आधी भिजवली आणि पहिल्या शिट्टीनंतर आच मंद केली की झालं. आणि मुलांनो, फ्रीज उघडून ‘काय खाऊ’ असा विचार करत उभं राहायचं नाही. त्याच्या दाराच्या रबरात कागद धरून दार लावा; कागद सहज निघाला तर रबर बदलायला झालंय.

सरांना मी एक विनंती केलीय, तुम्हाला एक काम देण्याची. या रविवारी आणि पुढच्या रविवारी सकाळी मीटरचा आकडा वहीत लिहा, वजाबाकी करून वर्गात आणा. ज्याची युनिटं जास्त येतील त्याला कुणी हसायचं नाही. कुणाच्या घरी माणसं जास्त असतात, कुणाच्या घरी आजारी आजोबांसाठी दिवसभर पंखा लागतो. आकडा मात्र खरा लिहायचा.

आता पडदा उघडा, माझा वेळ संपला.