माझं वेड वाजवणाऱ्यांचं

मी लासुर्ण्यातून बोलतेय. गटाचं वहीखातं माझ्याकडं असतं, पण आज हप्त्याचं, व्याजाचं काही बोलायचं नाही. आज सांगायचंय माझ्या एका वेडाबद्दल. सगळ्यांना गाणारे आवडतात, मला वाजवणारे आवडतात. पेटी-बासरी नव्हे, चामड्यावर थाप मारणारे.

हे वेड लागलं पालखीत. तुकोबांची पालखी सणसरवरून निघाली की बेलवाडीत गोल रिंगण होतं, मग ती आपल्या लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याकडं जाते. बाकीच्या पोरी रिंगणातला घोडा बघायच्या, मी बघायचे पखवाजवाल्याला. गळ्यात तेवढं ओझं, वरून पाऊस नाहीतर ऊन, डाव्या तोंडाची कणीक वाळत आलेली, तरी एवढ्या टाळकऱ्यांचं पाऊल एकदम पडायचं ते त्याच्या हातामुळं. एका वर्षी धीर करून मी एका माळकरी बाबांना त्यांचं नाव, गाव विचारलं होतं. ते अजून लक्षात आहे.

ढोलकी मात्र मला पडद्यावरच भेटली. आमच्या घरातल्या बायकांना तमाशाला कोण जाऊ देतंय! ‘सांगत्ये ऐका’ हा सिनेमा आला 1959 साली आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात 131 आठवडे चालला. लोक हंसाबाई वाडकर, जयश्री गडकर यांना बघायला जात असतील. मी तो घरच्या टीव्हीवर बघितला. माझं म्हणणं एवढंच, एकदा डोळे मिटून लावणी ऐका. घुंगराला बोलायला लावते ती ढोलकी. ती डिवचते, थांबते, उत्तराची वाट बघते. नाचणारीच्या पायाकडं तिच्याइतकं लक्ष समोरच्या पब्लिकचंही नसतं.

भाचा मोबाईलवर इंग्रजी बँड दाखवतो. त्यात मला आवडला बीटल्सचा रिंगो स्टार. डावखुरा माणूस, पण ड्रमची मांडणी उजव्या हाताची. 1968 मध्ये ही मंडळी ऋषिकेशला आली, तेव्हा हा पोटाच्या त्रासाला भिऊन घेवड्याचे डबे बरोबर घेऊन आला आणि थोड्याच दिवसांत माघारी गेला. आपल्यातलाच वाटला मला! भाच्याला आवडतो कीथ मून, म्हणजे वाजवता वाजवता ड्रम लाथेनं उडवणारा. मी म्हटलं, अरे, मसाला भाजीला लागला पाहिजे, कढई फोडायची काय गरज? रिंगो गाण्याला लागेल तेवढंच वाजवतो. आर. डी. बर्मनकडं तबल्यावर मारुतीराव कीर असायचे, तेही मला तसेच वाटतात. गाणं गुणगुणताना आपण त्यांचा ठेकाही मांडीवर धरतो, आणि नाव कुणाला ठाऊक नसतं.

आता खरं सांगायचंय ते. गेल्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न ठरलं. पोरांना डीजे हवा होता. डीजेनं म्हशी दूध चोरतात, म्हातारी माणसं छाती धरून बसतात. त्यावर ‘सैराट’चं गाणं वाजलं तर माझेही पाय हलतात, नाही कशाला म्हणू? पण त्या गाण्याचा ठेका मुळात आपल्या वरातीतलाच आहे. म्हणून गटाच्या बैठकीत मी म्हटलं, आपण हलगी बोलवू. शेकून तापवलेल्या हलगीची पहिली काडी पडली की अंगावर काटा येतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक मैत्रीण तेवढी गप्प होती.

तिचे सासरे गावात हलगी वाजवायचे. लहानपणी मी त्यांच्या मागं मागं फिरले आहे. घरी येताना ती म्हणाली, “तुला ठेका ऐकू यायचा. आम्हाला हाक ऐकू यायची.” मंडपाबाहेर उन्हात उभं राहायचं. सगळ्या पंगती उठल्यावर उरलंसुरलं जेवायचं. बिदागी द्यायची की नाही ते देणाऱ्याच्या मनावर, आणि यायचं नाही म्हणायची सोय नाही. मुलगा नोकरीला लागला त्या दिवशी मामांनी हलगी खुंटीला टांगली, ती पुन्हा काढली नाही.

मला त्यांचा ठेका तोंडपाठ होता, बायांनो, आणि नाव माहीत नव्हतं. पखवाजवाल्या बाबांचं विचारलं होतं, यांचं विचारावंसं कधी वाटलंच नाही. मी तिला ते त्या रस्त्यावरच विचारलं. तिनं सांगितलं, पण लगेच नाही.

शेवटी हलगी आणायची की नाही, हे मी तिच्यावरच सोडलं. ती म्हणाली, आण, पण व्यवहारानं आण. मग शेजारच्या तालुक्यातलं पथक ठरवलं. रक्कम कागदावर लिहिली, निम्मी आधी दिली. मंडपात खुर्च्या ठेवल्या आणि जेवण पहिल्या पंगतीला. त्यावरून घरात एक-दोघांची तोंडं वाकडी झाली, ती अजून सरळ व्हायची आहेत. पथकातला एक वयस्कर माणूस पाटावर बसायला तयार होईना. “आम्ही मागून बसतो की,” म्हणत राहिला. शेवटी नवरीचा बाप त्याच्या शेजारी बसला, तेव्हा बसला.

मैत्रीण आली होती. वरातीत माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. बराच वेळ ऐकलं आणि मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, “बारीक काडी मागं पडतीये त्याची. मामांची कधी पडली नाही.”