भिंतीला पोपडे का सुटतात?

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग दिला आणि महिन्याभरात पोपडे सुटले, तर लगेच रंगाला दोष देऊ नका. पावसाळाभर भिंत पाणी पिते. ती वाळण्याआधीच पुट्टी आणि प्रायमर चढले, की आतली ओल बाहेर पडताना रंगाला उचलते. खात्री करायचीय? हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला थेंब दिसले, तर काम थांबवून गळती शोधा. भिंत सुकली, की पोपडे खरवडा, नवी पुट्टी भरा, 180 किंवा 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. मग अंधारात भिंतीलगत बॅटरी तिरपी धरा. दिवसा लपलेला उंचवटा सावली पाडतो. आणि कळकळीने सांगते, धूळ पुसल्याशिवाय प्रायमर लावू नका.