शाहूपुरीचा पूर आणि आपली जबाबदारी



संकट कोसळले की ‘नशिबाचा भोग’ म्हणून ते सोसण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. या वृत्तीने दुःखी मनाला आधार मिळतो, हे मी नाकारीत नाही. परंतु नशिबाचा वाटा किती आणि व्यवस्थेचा किती, हे निवडून पाहणे आपल्यासारख्या जबाबदार मंडळींचे काम आहे. शाहूपुरीच्या अनुभवावरून मी ते मांडू इच्छितो.

1895 साली राजर्षी शाहू महाराजांनी व्यापारासाठी ही पेठ वसविली. पाठोपाठ 1896-97 चा दुष्काळ आणि पुढे प्लेगची साथ आली. महाराजांनी संस्थानात फिरून परिस्थिती पाहिली, स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली. आणि नंतर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. तातडीची मदत आणि दूरदृष्टीचा उपाय, या दोन्ही गोष्टी त्यांनी जोडीने चालविल्या.

याच शाहूपुरीत ऑगस्ट 2019 मध्ये पुराचे पाणी शिरले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट मानली जाते. त्या वर्षी नदी 55 फुटांच्या पुढे गेली. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच घडले. नदी फुगली की जयंती नाल्याचे पाणी तिच्यात उतरू शकत नाही. ते मागे हटून सखल वस्तीत पसरते.

येथील कुंभार गल्लीत गणेशमूर्ती घडविल्या जातात. 2019 साली गणेशचतुर्थी 2 सप्टेंबरला होती, म्हणजे पूर आला तो ऐन हंगामात. धान्य भिजले तर ते पुन्हा विकत आणता येते. परंतु मातीची मूर्ती पाण्यात विरघळली की तिच्याबरोबर काही महिन्यांचे श्रम जातात, आणि सणाची तिथी कोणासाठी थांबत नाही. त्यातूनही कारागीर पुन्हा कामाला बसले. दोन वर्षांनी पाणी परत आले.

त्यांच्या धैर्याचे कौतुक अवश्य करावे. पण ते करून आपण मोकळे होऊ नये. पंचनामा करताना भिंती आणि भांडी मोजली जातात. बुडालेला हंगाम, अंगावरची उचल, घेतलेल्या मागण्या यांची नोंद सहसा होत नाही. ती घेण्याचा प्रयत्न अधिकारी बंधूंनी करावा. बंधाऱ्यावर 43 फूट पाणी झाले म्हणजे आपल्या दारात किती, हे सामान्य माणसाला कळत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी मागील पुरांच्या खुणा गल्लोगल्ली नोंदवून घ्याव्यात. पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वीच वृद्ध, आजारी व गरोदर स्त्रियांची यादी, जनावरांची सोय आणि माल हलविण्यासाठी उंचावरची जागा निश्चित करावी. निवाऱ्याला आलेल्या माणसाला याचक मानू नये. कालपर्यंत तो आपल्यासारखाच घरधनी होता.

पाऊस किती पडावा, हे आपल्या हाती नाही. मात्र एकदा बुडालेल्या माणसाला दुसऱ्या वेळी वेळेवर सूचना, सुरक्षित जागा आणि काम पुन्हा उभे करण्यापुरते भांडवल मिळेल की नाही, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. तेवढे आपण करूया, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.