आधी वाचून या, मग भांडू

आपल्या वाचक मंडळाने यंदा बंदी आलेल्या आणि वादात सापडलेल्या कादंबऱ्यांवर चर्चा ठेवली, आणि लगेच कार्यकारिणीकडे तक्रार आली. ‘ग्रंथालयात लेकीसुना येतात, असली पुस्तकं कशाला?’ तक्रारदार समोरच बसले आहेत, बरं झालं. माझा एकच प्रश्न: त्या लेकीसुनांना विचारलंत का? यादीतली निम्मी नावं त्यांनीच सुचवली आहेत.

डिसेंबर 1959. मुंबईतल्या एका बुकस्टॉलवर गिऱ्हाईक आलं आणि ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ घेऊन गेलं. गिऱ्हाईक बनावट होतं, पोलिसांनी पाठवलेलं. अश्लील पुस्तक विकल्याबद्दल स्टॉलचे एक भागीदार रणजित उदेशी यांना वीस रुपये दंड झाला. लंडनच्या ज्युरीने 1960 साली याच कादंबरीच्या प्रकाशकाला निर्दोष सोडलं होतं. इथे मुल्कराज आनंदांसारखा लेखक साक्षीला उभा राहिला, तरी 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. कादंबरीचा लेखक लॉरेन्स 1930 सालीच गेलेला. दंड भरायला उरला तो दुकानदार! ग्रंथपालांनो, म्हणून तुमची धास्ती मला कळते. पण कोणी काही म्हणण्याआधीच पुस्तक कपाटात कुलूपबंद करायचं, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

आता आपल्या मराठीकडे या. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली. खटला झाला, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना सोडलं. न्यायमूर्तींनी सुटी वाक्यं न वेचता सगळी कथा एकत्र तोलली. ती थोर साहित्य आहे, असं प्रशस्तिपत्र काही त्यांनी दिलं नाही. अश्लील नाही, एवढंच म्हणाले. मला हा निकाल फार आवडतो. कारण आपल्यातले पुरोगामी हळूच म्हणतात, ‘दर्जेदार असेल तर आमचा पाठिंबा.’ अहो, दर्जा ठरवायला समीक्षक आहेत, फौजदार कशाला? सुमार कादंबरी लिहिणं हा गुन्हा असता तर आपल्या दिवाळी अंकांचे निम्मे लेखक आत असते.

‘वासूनाका’चं उदाहरण तर घरातलंच. भाऊ पाध्यांच्या या कादंबरीवर आचार्य अत्रे तुटून पडले, दुर्गाबाई भागवत तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. दोघांनी जे काय म्हणायचं ते चारचौघांत म्हटलं, स्वतःच्या नावानिशी. 2010 साली मुंबई विद्यापीठात रोहिंटन मिस्त्रींच्या ‘सच अ लाँग जर्नी’च्या वेळी काय झालं? विद्यार्थी संघटनेने विरोध केला, प्रती जाळल्या आणि कादंबरी अभ्यासक्रमातून गेली. वाद घालायची तसदीसुद्धा नाही!

आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुमचीही हजेरी घेतो. मिस्त्रींच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी ती कादंबरी उघडली होती? हात वर करा. … बघा.

तेव्हा या मंडळाला माझी सूचना अशी. तक्रारदारांना चर्चेला सन्मानाने बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, हवं तेवढं बोलू द्या. अट एकच: पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून यायचं. हीच अट समर्थकांनाही. न वाचता आलेल्याने चहा घ्यावा आणि ऐकावं. पुढच्या शनिवारी ‘वासूनाका’ आहे. प्रती मोजक्याच आहेत; पहिली तक्रारदारांना द्या.